त्रेसष्ट डेसिबल

१

अहवाल पाच पानांचा होता, आणि त्या पाच पानांपायी दोन जीव गेले होते. एक रुग्णालयाच्या नवजात कक्षात, दुसरा सोलापूर रस्त्यावर.

सुनीती गद्रे यांनी कागद टेबलावर ठेवले आणि समोरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. शमशुद्दीन बागवान. मंडईत त्यांचा फळांचा गाळा होता, वडिलांच्या वडिलांपासूनचा. नारायण पेठेतले तीन जिने चढून त्यांना धाप लागली होती, पण पाणी विचारलं तर त्यांनी नुसता हात हलवला.

“चांद तुमच्या हाताखाली शिकला, बाई. म्हणून आलो. दुसरं कुणी ऐकून घेत नाही.”

चांद दोन वर्षं सुनीतीबाईंकडे होता, त्या सरकारी प्रयोगशाळेत होत्या तेव्हा. केबलच्या आतला सिग्नल बाहेर किती गळतो आणि बाहेरचा आत किती शिरतो, हे मोजायचं काम. पुढे त्यानं लोणी काळभोरजवळच्या एका खाजगी प्रयोगशाळेत नोकरी धरली. या उन्हाळ्यात एका रुग्णालयानं नवा नवजात कक्ष बांधला. बाळांच्या खाटांजवळच्या यंत्रांपासून नर्सच्या काउंटरपर्यंत जी केबल घातली होती, तिची चाचणी चांदनं केली. अहवालात तिचं शील्डिंग, म्हणजे गळती अडवायची ताकद, त्रेसष्ट डेसिबल आलं होतं. पंचावन्न आलं तरी चालणार होतं. खाली चांदची सही होती.

ऑगस्टात एका दुपारी एका बाळाचा श्वास अडला. खाटेजवळच्या यंत्रानं धोक्याचा इशारा दिला, पण तो काउंटरपर्यंत पोहोचलाच नाही. रुग्णालयाच्या चौकशीचा कागदही शमशुद्दीनभाईंनी आणला होता. अर्ध्या पानाचा. रखवालदाराचा वॉकीटॉकी केबलजवळ धरून बटण दाबलं की इशारा बंद पडतो, सबब केबल सदोष आहे, एवढंच त्यात होतं. वर्तमानपत्रांनी चांदचं नाव छापलं. सतरा सप्टेंबरला दुपारी बाराच्या सुमारास चांद प्रयोगशाळेसमोरच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला.

“पोलिसांनी अपघात लिहिलंय,” शमशुद्दीनभाई म्हणाले. “लोक म्हणतात, तोंड दाखवायला जागा नव्हती म्हणून त्यानं स्वतःच अंग टाकलं. मला फक्त एक सांगा. माझ्या पोरानं खोटं लिहिलं का? लिहिलं असेल तर तसंच सांगा. मला समजुतीचं काही नको.”

“मी समजूत घालत नाही. माझी तशी ख्यातीच नाही.”

ते गेल्यावर सुनीतीबाईंनी अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाचला. बाहेर आभाळ भरलेलं होतं, खोलीत दिवा लावावा लागला. तिसऱ्या पानावर ग्राफ होता, एकच. दुसऱ्या पानावर वापरलेल्या साधनांची यादी होती, जी कुणी कधीच वाचत नाही. त्यांनी ती वाचली, आणि बोट सहाव्या ओळीवर थांबलं. मग सातव्या.

सहावी वस्तू ज्या चाचणीला लागते, त्या चाचणीला सातवी लागत नाही. सातवी लागते, तेव्हा सहावी काढून ठेवावी लागते. ग्राफ मात्र एकच होता.

२

प्रयोगशाळेच्या फाटकावर संपत नावाचा रखवालदार होता. त्यानं वही पुढे केली. सुनीतीबाईंनी नाव आणि वेळ लिहिली आणि त्या आत गेल्या.

मालक श्यामसुंदर अभ्यंकर कधीकाळी त्यांचा कनिष्ठ सहकारी होता. आता केस पांढरे झाले होते, खोलीत वातानुकूलन होतं, पण त्यांना पाहून तो अजूनही उठून उभा राहिला.

“चांदबद्दल आलात ना, मॅडम. हुशार होता हो. म्हणून तर जास्त वाईट वाटतं.”

“अहवालावर तुमचीही सही आहे, श्यामसुंदर.”

“सही माझी, मोजमाप त्याचं. मी जुन्या केबलचा माणूस. मधोमध एक तार, भोवती जाळी, विषय संपला. हे जोडीच्या तारांचं प्रकरण मी मुलांवर सोपवलं होतं. विश्वासानं.” त्यानं पेपरवेट उचलून पुन्हा खाली ठेवला. “काय झालं? एकतीस डेसिबलची केबल त्रेसष्ट म्हणून बाहेर गेली. याला चूक म्हणायचं की आणखी काही, ते मी बोलणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये.”

“बोललात की.”

श्यामसुंदर ओशाळं हसला. चाचणी झालेल्या केबलचा उरलेला तुकडा मोहोरबंद करून दोन वर्षं ठेवायचा नियम असतो. तो तुकडा सुनीतीबाईंनी मागितला. त्यानं जराही आढेवेढे घेतले नाहीत.

“न्या की. मोजून बघा. म्हणजे तुमचीही खात्री होईल.”

तुकडा काढून द्यायला दिगंबर आला. चांदबरोबर काम करणारा, अहवाल टाइप करणारा, तिशीतला बारीक माणूस. पिशवीच्या मोहोरेवर चांदची सही होती.

“ही चाचणी झाली तेव्हा तू होतास?”

“नाही मॅडम. मी फक्त टाइप करतो. जे देतात ते.”

“कोण देतात?”

दिगंबरनं मालकाच्या दाराकडे पाहिलं आणि कपाट बंद केलं.

बाहेर पडताना संपतनं पुन्हा वही पुढे केली, जाण्याची वेळ लिहायला. इथं पाहुणे फारसे येत नसावेत. एकच पान महिनाभर पुरलं होतं. सुनीतीबाईंची नजर सहज त्याच पानाच्या वरच्या भागाकडे गेली, आणि त्या जागच्या जागी थांबल्या.

‘१७ सप्टेंबर. चांद बागवान. ९.४०. काम : ग्राफ मागणे.’ नोंदीवर आडवी रेघ मारली होती. पुढे लिहिलं होतं, ‘परवानगी नाही.’

“हे काय आहे, संपतराव?”

संपतनं वही मिटली. “मला काय ठाव न्हाई बाई. तुमची गाडी आली बघा.”

गाडी त्यांची नव्हती. लोणीकडे जाणारी कुठलीतरी जीप होती.

३

केबल बनवणारा हिंदुराव फुरसुंगीचा. जमीन शहरात गेली तेव्हा त्यानं बंगला बांधला नाही, केबलचा कारखाना काढला. सुनीतीबाईंचा पहिला संशय त्याच्यावर होता. चाचणीला चांगला तुकडा पाठवायचा आणि भिंतीत हलका माल घालायचा, हा प्रकार त्यांनी नोकरीत पुष्कळदा पाहिला होता.

“रुग्णालयाला दिलेल्या मालातला उरलेला ड्रम आहे का?”

“हाय की. त्यो बघा कोपऱ्यात.”

त्यांनी ड्रमच्या टोकाचं प्लास्टिक सोललं. आत दोन बारीक तारा एकमेकींना पीळ घालून बसलेल्या, त्यांच्यावर तांब्याची विणलेली जाळी. जाळी इतकी विरळ की नखानं बाजूला सरकत होती. मग पर्समधून चांदच्या मोहोरेचा तुकडा काढून त्याचं टोक सोललं. तीच वीण, तेवढीच विरळ.

म्हणजे तुकडा बदललेला नव्हता. हिंदुरावानं वाईट माल दिला होता खरा, पण सगळीकडे सारखाच वाईट दिला होता.

“ही जाळी आहे का मच्छरदाणी?”

हिंदुराव चिडला नाही. “बाई, म्या कवा म्हनलं ही लई भारी हाय? तपासा म्हनलं. तपासनाऱ्यानं पास केली, मला कागद आला. नापास झाली असती तर दुसरी केली असती.”

“भिंतीत घातलेली काढून?”

“आता त्ये खरं हाय,” तो जरा अडखळला. “आधी भिंतीत घातली, कागद मागनं आला. समदे तसंच करत्यात. उद्घाटनाची तारीख ठरल्याली, पत्रिका छापल्याल्या. अभ्यंकर सायबांचा बी फोन आला व्हता. म्हनले, हिंदुराव, समजा केबल काढायची झाली तर किती दिस लागतील? म्या म्हनलं, प्लास्टर फोडावं लागंल, दोन महिने तरी. बरं म्हनले आन ठेवला फोन.”

“केव्हाची गोष्ट?”

“कागद यायच्या दोन दिस आधी.”

सुनीतीबाई ड्रमवर टेकल्या. पास होणारी केबल काढायला किती दिवस लागतील, हे कुणी कशाला विचारील?

४

तिथून त्या लोणी काळभोरच्या पलीकडे एका वस्तीवर गेल्या. गेलेल्या बाळाचं घर तिथं होतं. बाळाचा बाप भैरू रानात गेला होता, आई माहेरी. ओसरीवर आजी बसली होती. सोजरबाई.

“केबल तपासायला आलेय मी,” सुनीतीबाई म्हणाल्या. “त्या दिवशी काय झालं ते तुम्ही बघितलंत?”

“बघितलं की. काचंतनं बघितलं.” सोजरबाईंचा आवाज सपाट होता. “आत सोडत न्हवते. म्या काचंशी हुबी. शेजारी रखवालदार, त्याच्या त्या पेटीत कुनाशी तरी बोलत व्हता, गाड्या लावन्यावरनं. लेकराच्या उशाला दिवा लाल झाला.”

“मग?”

“मला वाटलं, असाच असतुया.”

सुनीतीबाई ओसरीच्या कडेला टेकल्या.

“बराच येळ बघत व्हते मी त्या दिव्याकडं. लाल, छान दिसत व्हता. नर्सबाई तिकडं टेबलाशी कायतरी लिहीत व्हती. तिला न्हाई कळलं, मला न्हाई कळलं.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “आन त्यो बागवान. त्यानं चांगली हाय म्हनून लिहून दिलं. मेला त्ये बरं झालं. म्या टीवीवाल्याला बी तसंच सांगितलं.”

परतीच्या रस्त्यावर सुनीतीबाईंना आठवत राहिला तो प्रयोगशाळेतला चांद. वाचन पटलं नाही की जोडणी पुन्हा सोडून पहिल्यापासून करणारा. तो असं लिहून देईल? दडपणाखाली माणसं काय काय करतात, हेही त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. मालकानं समोर बसवून सांगितलं असेल, उद्घाटन आहे, भिंती फोडायला लागतील, कर सही. आणि त्यानं केली असेल तर?

ते शमशुद्दीनभाईंना सांगावं लागणार होतं.

५

जुन्या कचेरीत अजून ओळखी होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीची खोली त्यांना मिळाली.

पद्धत साधी आहे. केबलचा तुकडा एका लांब तांब्याच्या नळीत ओवायचा. केबलमध्ये एका टोकाकडून सिग्नल सोडायचा. जाळीतून जेवढा बाहेर गळेल तेवढा नळी गोळा करते आणि यंत्र त्याचा ग्राफ काढतं. गळती जितकी कमी, तितके डेसिबल जास्त.

खरी गोम असते ती जोडीच्या तारांची. ‘डिफरन्शियल पेअर’ म्हणतात तिला. दोन तारांत सिग्नल एकमेकांच्या उलट धावतो, एक पुढे तर दुसरी मागे. त्यामुळे दोघींची गळती एकमेकींना खाऊन टाकते. जाळी फाटकी असली तरी बाहेर फारसं काही येत नाही. तसं मोजलं तर केबल छान दिसते, पण त्यात जाळीचं कर्तृत्व नसतं, जोडीचं असतं. नुसत्या जाळीची खरी लायकी बघायची तर दोन्ही तारा एकत्र बांधून दोघींत एकच सिग्नल सोडावा लागतो. शेजारच्या वॉकीटॉकीचा मारा बाहेरून येतो तो दोन्ही तारांवर सारखाच येतो, आणि तो अडवायचं काम जाळीचं असतं.

यादीतली सहावी वस्तू म्हणजे तारांना उलटसुलट सिग्नल देणारी डबी. सातवी, तारा एकत्र बांधणारा जोड.

सुनीतीबाईंनी आधी डबी लावली. ग्राफ उमटला. सर्वांत कमी वाचन त्रेसष्ट. त्यांनी अहवालातला ग्राफ शेजारी धरला. चढउतार जवळपास सारखे होते, तिसऱ्या चौकोनातला छोटा खड्डासुद्धा त्याच जागी होता.

म्हणजे चांदचं मोजमाप बरोबर होतं. ग्राफ खोटा नव्हता. त्याच्या डोक्यावरचं नाव खोटं होतं. जोडीचा ग्राफ काढून त्यावर ‘जाळीचे शील्डिंग’ असं लिहिलं होतं.

मग त्यांनी डबी काढली, तारा एकत्र बांधल्या आणि पुन्हा मोजलं. ग्राफची रेघ खाली घसरत गेली. त्यांनी सर्वांत कमी वाचन पाहिलं.

एकतीस.

तो आकडा त्यांनी ऐकला होता. परवा, वातानुकूलित खोलीत. एकतीस डेसिबलची केबल त्रेसष्ट म्हणून बाहेर गेली. पण रुग्णालयानं डेसिबल मोजलेच नव्हते, त्यांनी नुसता वॉकीटॉकी धरून पाहिला होता. मोहोरबंद तुकड्याची पिशवी हिंदुरावाच्या कारखान्यात त्यांनीच पहिल्यांदा फोडली होती. एकतीस हा आकडा जगात फक्त एका कागदावर असू शकत होता, चांदनं काढलेल्या दुसऱ्या ग्राफवर. आणि जोडीच्या तारांतलं आपल्याला काही कळत नाही म्हणणाऱ्या श्यामसुंदरनं तो पाहिला होता.

पण त्यानं पाहिला म्हणून चांद सुटत नव्हता. शेवटच्या पानावर चांदचीच सही होती. तो ग्राफ कुणी काढून टाकला, आणि सही करणाऱ्याला ते माहीत होतं का?

६

“कार्यालयीन प्रत आण,” सुनीतीबाईंनी श्यामसुंदरच्या खोलीत दिगंबरला बोलावून सांगितलं. “झेरॉक्स नको. सहीची.”

श्यामसुंदर खुर्चीतून अर्धवट उठला. “मॅडम, त्याची काय गरज आहे? आपण मोजलं ना? एकतीस आलं ना?”

“आलं. मी तुम्हाला अजून सांगितलं नव्हतं.”

तो परत खुर्चीत बसला.

दिगंबरनं अहवाल आणला. सुनीतीबाईंनी मजकूर वाचलाच नाही. त्यांनी पिन उचकटून काढली आणि पानांचा डावा कोपरा एकेक करून खिडकीसमोर धरला. पहिल्या पानाला पिनेची दोन भोकं. दुसऱ्याला दोन. तिसऱ्याला, चौथ्याला दोन. पाचव्याला, ज्याच्यावर चांदची सही होती त्याला, चार.

“हे शेवटचं पान दोनदा टाचलंय,” त्या म्हणाल्या. “बाकीची एकदाच. म्हणजे सही झाल्यावर अहवाल सुटा केला, आधीची पानं नव्यानं छापली आणि सहीचं पान जुनंच ठेवलं. मूळ अहवाल किती पानांचा होता, दिगंबर?”

दिगंबर भिंतीला टेकून उभा होता.

“तू काही सांगितलं नाहीस तर मी असं समजेन की हे तू केलंस. टाइप तूच करतोस.”

“सहा,” दिगंबर म्हणाला. “सहा पानं होती, मॅडम. चांदनं दोन ग्राफ दिले होते. जोडीचा त्रेसष्ट, जाळीचा एकतीस. शेरा होता, ‘अनुत्तीर्ण’. तो सही करून चार दिवस बहिणीकडे सोलापूरला गेला. सर म्हणाले, दोन दोन ग्राफ गिऱ्हाइकाला समजत नाहीत, एकच ठेव. शेरा बदल, शीर्षक बदल. मी बदललं. यादी बदलायला ते विसरले, मीही विसरलो.”

“आणि चांद आल्यावर?”

“त्याला वाटलं, अनुत्तीर्ण म्हणूनच गेलाय. वर्तमानपत्रात नाव आलं तेव्हा कळलं त्याला. त्यानं मला विचारलं. मी...” दिगंबरनं मान खाली घातली. “मला माहीत नाही म्हणालो.”

श्यामसुंदरनं रुमाल काढला, पण वापरला नाही.

“मी एकही आकडा बदललेला नाही, मॅडम,” तो हळू म्हणाला. “त्रेसष्ट हे खरं वाचन आहे. तुम्हालाही तेच आलं.”

“आलं. जोडीचं. जाळीचं नव्हे.”

“केबल भिंतीत गेली होती. दोन महिने कक्ष बंद राहिला असता. त्या दोन महिन्यांत किती बाळं दुसरीकडे हलवावी लागली असती, याचा विचार केलात? मला वाटलं, जोडी सांभाळून घेईल. बहुतेक वेळा घेते. वॉकीटॉकी घेऊन कुणी तिथंच उभं राहील, हे कसं सुचणार?”

“चांदला सुचलं होतं. म्हणून त्यानं दोनदा मोजलं.”

सुनीतीबाईंनी पानं पाकिटात घातली, दिगंबरला बरोबर यायला सांगितलं. फाटकाशी संपत उभा होता. त्यानं दिगंबरचा चेहरा पाहिला, सुनीतीबाईंच्या हातातलं पाकीट पाहिलं. या वेळी वही त्यानं पुढे केली नाही.

“त्या दिवशी म्याच होतो हितं,” तो आपण होऊन म्हणाला. “पेपरात नाव आल्यावर पेपरात नाव आल्यावर सायबांनी सांगितल्यालं, चांदला आत सोडायचं न्हाई. त्यो म्हनला, संपतराव, मला भांडायचं न्हाई, माझा एक ग्राफ हाय आत, तेवढा द्या. म्या न्हाई म्हनलं. मंग त्यो रस्त्यापल्याड चहाच्या टपरीवर जाऊन बसला. दोन तास. बाराला सायबांची गाडी आली. त्यो उठला, हात वर केला, सर म्हनून वरडला आन पळत सुटला. गाडीकडं बघत व्हता, बाई. ट्रकाकडं न्हाई.”

“आणि गाडी?”

“गाडी आत आली. म्या फाटक उघडलं व्हतं ना.” संपतचे ओठ हलत राहिले. “सायब म्हनले, फाटक लावून घे, तू काय बघितलं न्हाईस. म्या लावलं.”

सुनीतीबाईंनी मागं वळून पाहिलं. वरच्या खिडकीत श्यामसुंदर उभा होता. तो रस्त्याकडे पाहत नव्हता, हातातल्या रुमालाकडे पाहत होता.

७

जबाब झाले. प्रयोगशाळेला टाळं लागलं. श्यामसुंदरला अटक झाली आणि सहा दिवसांनी जामीन मिळाला. खटला उभा राहायला वर्ष तरी लागेल, असं वकील म्हणाले. ज्या वर्तमानपत्रानं चांदचं नाव पहिल्या पानावर छापलं होतं, त्यानं आतल्या पानात चार ओळींचा खुलासा दिला. चांदची बहीण रझिया हिनं तो कापून ठेवला. सोलापूरला त्या चार दिवसांत भाऊ तिला म्हणाला होता की रुग्णालयाची एक केबल नापास केली, बरं झालं वेळेत सापडली. ते तिनं आता सांगितलं. आधी सांगून कुणी खरं मानलं नसतं.

मंडईत दुपारची सामसूम असताना सुनीतीबाईंनी शमशुद्दीनभाईंना गाळ्यावर बसून सगळं सांगितलं. संपतचं ऐकताना त्यांनी हातातली मोसंबी ढिगावर ठेवली, ती घरंगळली, पुन्हा ठेवली.

“म्हणजे त्यानं जीव दिला नाही,” ते शेवटी म्हणाले.

“नाही. तो कागद मागायला धावला.”

त्यांनी मोसंब्यांचा ढीग सारखा केला. मग गाळ्यावर फडकं ओढलं. “मला त्या बाळाच्या घरी न्याल का?”

“कशाला, शमशुद्दीनभाई? आता तुमच्याकडे बोट दाखवायचं कारण नाही कुणाला.”

“म्हणूनच जाता येईल.”

वस्तीवर पोहोचले तेव्हा चार वाजले होते. ऊन नव्हतंच, नुसता राखाडी उजेड होता. सोजरबाई ओसरीवर शेंगा निवडत होत्या. सुनीतीबाईंनी थोडक्यात सांगितलं, कोण आलंय ते, आणि अहवाल कुणी बदलला ते. सोजरबाई ऐकत राहिल्या. चांदनं आधीच नापास लिहिलं होतं, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

“म्हंजी त्याचं ऐकलं असतं तर...” त्या म्हणाल्या.

त्यांनी घोंगडी झटकून पसरली. शमशुद्दीनभाई चपला काढून बसले.

“म्या लई वाईट बोलले तुमच्या लेकाला. टीवीवर.”

“तुमचं बाळ गेलं होतं, बाई.”

“तुमचा बी गेला व्हता की पुढं. मला बरं वाटलं व्हतं तवा.” सोजरबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. “किती वर्सांचा व्हता?”

“एकोणतीस.”

“आमचं सहा दिसांचं.”

सुनीतीबाई ओसरीच्या पायरीवरून उठल्या आणि अंगणाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं सोजरबाई आत गेल्या, तांब्याभर पाणी घेऊन आल्या. शमशुद्दीनभाईंनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि ते सगळं पाणी प्यायले.